सय्यद सिस्टरचे दोन रकाने

सय्यद सिस्टर गेल्याची बातमी आमच्या बॅचच्या ग्रुपवर आली आणि अर्ध्या तासात तीसेक जणींनी हात जोडले. कुणी "मातृतुल्य" लिहिलं, कुणी "ज्ञानाचा अथांग सागर" लिहिलं. एकीनं गुलाबाच्या पाकळ्यांत बसवलेला फोटो टाकला. तो फोटो सय्यद सिस्टरचा नव्हताच, दुसऱ्याच कुठल्या तरी चष्मेवाल्या बाईंचा होता. तरी खाली हात जुळतच राहिले. मी लिहिलं, "हा फोटो त्यांचा नाही." त्यावरही दोघींनी हात जोडले.

म्हणून हे लिहायला बसले. मातृतुल्य वगैरे त्या अजिबात नव्हत्या. माझी आई मला "जेवलीस का?" विचारते. सय्यद सिस्टरनी चार वर्षांत असलं काही एकदाही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा, "मोजलं का?"

मी देवणी तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजचं दार बघितलेली पहिली मी, आणि हे मी मान वर करून सांगते. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला दोन वर्षं क्लास केला. भूकंपानंतर त्या गावात घरं जेवढी उठली नसतील तेवढे क्लास उठले. तिथं मी एक गोष्ट पक्की शिकले. प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो. ओळखला की उत्तर आपोआप हातातून उतरतं. मार्क कमी पडले आणि मी नांदेडला बी.एस्सी. नर्सिंगला आले. तिथं खालच्या मजल्यावर क्लास, वरच्या मजल्यांवर आमचं कॉलेज आणि मागच्या इमारतीत कॉलेजचा दवाखाना. मालक एकच. खाली ते 'सर' होते, वर 'चेअरमनसाहेब'.

सय्यद सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन माहेरी, नांदेडला परत आलेल्या. कॉलेजला मान्यतेसाठी कागदावर एक अनुभवी शिक्षिका हवी होती. "सिस्टर, महिन्यातून एकदा सहीला या, बास," असं चेअरमनसाहेबांनी सांगितलं होतं. सिस्टर दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पावणेआठला हजर. हा माणूस कुठून गळ्यात पडला, असं ऑफिसला तेव्हाच वाटलं असणार.

ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी, छातीला उलटं लटकवलेलं घड्याळ. चालायच्या भरभर आणि बोलायच्या तोडून. वडील जिल्दसाज होते, नांदेडच्या इतवारा भागात कचेरीची रजिस्टरं बांधून द्यायचे. नवीन रजिस्टर हातात आलं की सिस्टर आधी पाठीवर अंगठा फिरवून शिवण बघायच्या आणि मग म्हणायच्या, "बांधणारानं इमानानं बांधलं. आता तुमी भरा घाण." मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "मॅडम साडीच्या दुकानात ऱ्हाती. मी सिस्टर."

पहिल्याच तासाला त्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "माझे श्वास मोजा. एक मिनिट."

आम्ही चाळीस जणी. मोजल्यासारखं केलं. चिठ्ठ्या गोळा झाल्या. सिस्टरनी एकेक उलगडून वाचली. अठरा. वीस. वीस. बावीस. वीस. अठरा. सगळ्या वाचून झाल्यावर चिठ्ठ्यांचा ढीग टेबलाच्या कडेला सरकवला.

"एकीलाबी एकोणीस दिसलं न्हाई का एकवीस दिसलं न्हाई. अल्लामियाँनं माणसाला श्वास जोडीनंच वाटलेत वाटतं."

आम्ही हसलो.

"हसू नका. निम्म्या जणींनी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली. बाकीच्यांनी शेजारणीचं बघितलं. दवाखान्यात जा, कोणाचाबी चार्ट काढा. ताप आलेला वीस, दम लागलेला वीस. मेलेल्या माणसाचेबी वीस लिवलेले मी वाचलेत, मेल्यावर दोन तासांनी."

हे खोटं नव्हतं. सकाळी ड्यूटीवर आलं की दिवसभराचा चार्ट एका दमात भरून टाकायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. दहाचा ताप, दोनचा ताप, सहाचा ताप, तिन्ही ठिपके चहाच्या आधी टेकवायचे. नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात एक वाक्य घोकून घेतात, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. ते ऐकून मुली एवढंच शिकतात की लिहिलं म्हणजे झालं.

सिस्टर वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावायच्या. डावीकडं 'म्हणाला', उजवीकडं 'दिसलं'. पुस्तकात याला मोठाली नावं आहेत, परीक्षेत ती लिहावी लागायची. सिस्टरना तेवढे दोन रकाने पुरायचे. पेशंट म्हणाला ते डावीकडं, त्याच्याच शब्दांत. तुमच्या डोळ्यांना, हाताला, घड्याळाला कळलं ते उजवीकडं, वेळ घालून. 'नॉर्मल', 'बरा आहे', 'झोप चांगली' या शब्दांना बंदी. "झोप चांगली म्हणजे? तू त्याच्या सपनात गेलतीस का?"

वाईटही बोलायच्या. एका मुलीला भर वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "तुझ्यापरीस त्या भिंतीवरचं थर्मामीटर बरं, ते निदान ऊन तापलं तर वर जातं." ती मुलगी दोन दिवस आली नाही. सिस्टरनी तिची चौकशी केली नाही. कौतुक तर त्यांच्या तोंडून मी ऐकलंच नाही. काम बरोबर असलं तर वही न बोलता परत यायची, बस.

तिसऱ्या वर्षाला रिसर्चचा विषय आला आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं नशीब उघडलं. त्याच्याकडं तयार रिसर्च मिळायचा. अमुक गावातील मातांचे तमुक विषयीचे ज्ञान. आधी ज्ञान कमी, मग आम्ही तक्ते दाखवून शिकवलं, मग ज्ञान भरपूर. गावाचं नाव बदलायचं, रोगाचं नाव बदलायचं, स्पायरल बायंडिंग करायचं. आमच्या गटानं इस्लापूर घेतलं होतं. विषय, जुलाबात द्यायचं मिठासाखरेचं पाणी, तीस घरांतल्या आयांना विचारून. गटात मीही होते, लपवत नाही.

सिस्टरनी रिपोर्ट उघडलाच नाही. तो हातावर ठेवून वजन केल्यासारखं केलं.

"इस्लापूरला कशानं गेलतीस?"

"रेल्वेनं," मी म्हणाले. त्याच क्षणाला माझी मैत्रीण म्हणाली, "एसटीनं."

"म्हंजी दोन तुकड्या गेल्त्या. चांगलं हाय. अन् आयांनी काय घातलं खायला?"

"काही नाही," मी म्हणाले.

"तीस घरं हिंडलात अन् एका घरात कोणी बस म्हणलं न्हाई, चा घे म्हणलं न्हाई? असं गाव मराठवाड्यात कुठं असंल तर मलाबी दावा."

पुढच्या रविवारी आम्ही खरंच गेलो. निम्म्या बायका रानात होत्या. काहींनी दारातूनच घालवलं. एकीनं मात्र बसवलं. आम्ही विचारलं, मिठासाखरेचं पाणी येतं का करायला? "येतं की," ती म्हणाली. आमच्या फॉर्मवर 'ज्ञान आहे' अशी खूण झाली असती. पण सिस्टरनी बजावलं होतं, करून दाखव म्हणा. बाईनं दवाखान्यातली पुडी आणली आणि अख्खी पुडी एका फुलपात्रात ढवळली. लिटरभर पाण्याची पुडी, फुलपात्रभर पाण्यात. त्यातलं पाणी पोराला पाजलं तर जुलाब वाढायचेच. म्हणाली, येतं. दिसलं, हे. त्या गावात आम्ही फक्त नऊ जणींशी नीट बोलू शकलो. रिपोर्टात नऊच लिहिलं. विद्यापीठाच्या परीक्षकानं 'नमुना अपुरा' म्हणून मार्क कापले. झेरॉक्सवाल्याच्या रिपोर्टांना आमच्यापेक्षा जास्त पडले.

मी चिडून सिस्टरना ते सांगायला गेले. तेव्हा त्या भूकंपाबद्दल बोलल्या, पहिल्यांदा आणि शेवटचं.

भूकंप झाला तेव्हा त्या लातूरला सरकारी नोकरीत होत्या. पडलेल्या गावांच्या कडेला पत्र्याच्या शेडांत लोक ठेवलेले, तिथं त्यांची काही महिने ड्यूटी होती. "लई जण आले," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा अन्न घेऊन आले, मंग कपडे घेऊन, मंग फॉर्म घेऊन. झोप लागते का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. रडू येतं का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. जिचं सगळं घर दगडाखाली गेलं तिला इचारतेत, रडू येतं का, तीनातला एक निवडा. पयल्या फॉर्मवाल्याला बाया खरं बोलल्या. दुसरा आला तवर त्यायला कळलं की जास्ती रडतीया तिच्या शेडात पंखा येतोय. तिसऱ्याच्या वक्ताला आख्ख्या ओळीचं उत्तर एकच. म्होरल्या शेडातली बाई मागच्या शेडातलीला शिकवून ऱ्हायली होती, काय म्हणायचं अन् काय न्हाई. तुमच्या लातूरच्या क्लासाच्या आधी तिथं क्लास निघाला होता."

"मग तुम्ही काय केलं?"

"मी त्यायच्या संगं तांदूळ निवडायला बसले. फॉर्म न्हाई, पेन न्हाई. चार दिवसांनी दिसलं, एकबी बाई शेडाच्या आत झोपत न्हाई. सगळ्या जणी बाहेर, उघड्यावर, अन् उशाला चूलभांडी. थंडी पडली तरी आत जाईनात. हे एकाबी फॉर्मात न्हवतं, कारण एकाबी फॉर्मात तसा प्रश्न न्हवता. मी लिवलं, वर पाठवलं."

"पुढं काय झालं?"

"जावक नंबर पडला," सिस्टर म्हणाल्या आणि वही तपासायला लागल्या.

आता चौथ्या वर्षाचं सांगते, ज्यासाठी हे सगळं.

आमच्या बॅचच्या मान्यतेसाठी इन्स्पेक्शन यायचं होतं. ते पार पडलं तरच आमची डिग्री खरी, नाहीतर चार वर्षं पाण्यात. नियमानं कॉलेजच्या दवाखान्यात शंभर खाटा भरलेल्या हव्या होत्या. खाटा होत्या शंभर, पेशंट असायचे वीस-बावीस. चेअरमनसाहेब क्लासवाले, त्यांना पेपर फुटायच्या आधी उत्तरं तयार ठेवायची सवय. आदल्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून टेम्पो भरून माणसं आली. दोन वेळचं जेवण आणि पडून राहायचं, एवढंच काम. ऑफिसच्या क्लार्कनं यादी केली होती, खाट एक ते दहा टायफॉईड, अकरा ते वीस दमा, पुढं हाडमोड, पुढं पोटदुखी. तो रांगेनं पाठ करून घेत होता.

"मामा, तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाई बा."

"असं नाही म्हणायचं. ताप येतोय म्हणायचं. किती दिवसांपासून?"

"आठ दिवसांपासून."

"शाब्बास."

आणि पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "मला काय दिलंय रे? दमा का हाडं?"

शंभर केसपेपर भरून घ्यायचं काम सिस्टरकडं आलं. "पेशंट बघून भरते," त्या म्हणाल्या. चेअरमनसाहेबांना वाटलं, हो म्हणाल्या. आम्हाला मात्र कळलं की त्या काय म्हणाल्या. चाळीस जणींनी मिळून मला पुढं केलं, कारण मी फटकळ.

"सिस्टर, मान्यता गेली तर आमचं सगळं गेलं."

"हाव."

"माझ्या घरात मी पहिली शिकलेली आहे. वडलांनी गावभर सांगितलंय. एक दिवस तुम्ही डोळे झाका."

सिस्टर चष्मा पुसत होत्या. "अन् तुझी डिगरी माझ्या झाकल्या डोळ्यांवर उभी करायची?"

"चाळीस जणींचा प्रश्न आहे."

"तू ड्यूटीवर जाशील. म्होरं माणूस पडलेला असंल. त्यो तुला इचारनार हाय का, बाई, तुझ्या घरात पयलं कोण शिकलं?"

मला राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही. चाळीस पोरींची चार वर्षं पणाला लावायचा हक्क त्यांना कुणी दिला, हे मला आजही कळत नाही. इमान स्वतःच्या पगारावर पाळावं, दुसऱ्याच्या डिग्रीवर का? मी हे त्यांना तोंडावर म्हणाले. त्या म्हणाल्या, "ये उद्या. वह्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच सिस्टर पहिल्या खाटेपासून सुरू झाल्या. प्रत्येक खाटेजवळ स्टूल ओढायच्या, नाडी, श्वास, ताप, बीपी, सगळं पूर्ण मिनिट लावून. आम्ही मागं लिहीत होतो. त्या सांगतील तसं.

खाट बारा. म्हणाला: मला दमा आहे असं सांगायला सांगितलंय. दिसलं: श्वास सतरा, छाती मोकळी, बिडीचा वास.

खाट चार. म्हणाला: जेवण कधी देणार? दिसलं: ताप नाही. भूक उत्तम.

खाट सत्तावीसवर एक मध्यमवयीन बाई होती. तिला हाडमोड वाट्याला आली होती, म्हणून उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत खोटं प्लास्टर घातलेलं. "मला काय न्हाई सिस्टर," ती म्हणाली, "पाय बी मोडलेला न्हाई, बोलू नका कोणाला." ते डावीकडं गेलं. सिस्टर तिच्या डाव्या पायाकडं बघत होत्या, प्लास्टर नसलेल्या. त्यांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी बाईची पापणी उलटून पाहिली. आत रंगच नव्हता, पांढरी फटक. नाडी धावत होती.

"जिना चढताना दम लागतो का?"

"जिना कुठला सिस्टर आमच्याकडं? घागर आणताना लागतो."

सिस्टरनी कात्री मागितली आणि प्लास्टर उभं कापलं. खालचा पायही तसाच सुजलेला. चिठ्ठी लिहिली, वर्गातल्या एका मुलीला बरोबर दिलं आणि बाईला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. क्लार्क धावत आला तेव्हा खाट सत्तावीसवर कापलेलं प्लास्टर आणि केसपेपर एवढंच उरलं होतं. कागदाकडं न बघता तो रिकामी खाट भरायला दुसरं माणूस शोधत पळाला. केसपेपरवर वेळेसकट सगळं होतं. पेशंट कोणी आणली, प्लास्टर का होतं, का कापलं, कुठं पाठवली. त्या बाईला रक्त चढवलं आणि ती वाचली. त्या दिवशी शंभर खाटांच्या त्या दवाखान्यात खऱ्या नोंदीनं झालेला तो एकमेव उपचार, आणि तोसुद्धा दुसऱ्या दवाखान्यात.

तिघे इन्स्पेक्टर साडेअकराला आले. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. शंभर केसपेपर टेबलावर रचलेले. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर कागदांवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं की हा माणूस आजारी नाही, त्याला इथं आणून झोपवलंय. मोठ्या साहेबांनी वरचा कागद घेतला. त्यांनी तो उलटा केला, सही बघितली, मधला एक उपसला, त्याचीही सही बघितली. मग ढिगाच्या कडेवरून पत्त्याच्या कॅटसारखा अंगठा फिरवला.

"अक्षर चांगलं आहे मुलींचं," साहेब म्हणाले.

"सिस्टर फार स्ट्रिक्ट आहेत आमच्या," चेअरमनसाहेब म्हणाले. त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

जेवायला सगळे गेस्ट हाऊसला गेले. शेऱ्यात आलं, 'रुग्णनोंदी सुवाच्य व अद्ययावत.' मान्यता मिळाली.

सिस्टर त्या शेऱ्याची प्रत हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. मी त्यांना कधी खचलेलं बघितलं नाही, तेव्हाही खचल्या नव्हत्या. पण माणूस पायरी आहे समजून पाय टाकतो आणि तिथं पायरी नसते, तसा त्यांचा चेहरा झाला होता. काढून टाकतील, याची त्यांनी तयारी ठेवली होती. कॉलेज बंद पडेल, याचीही. वाचणारच नाहीत, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

वाचलं शेवटी एकानंच. फायली विद्यापीठाला पाठवायच्या म्हणून क्लार्क कागद लावत बसला आणि खाट सत्तावीसवर त्याची नजर थांबली. तो कागद चेअरमनसाहेबांकडं गेला. उरलेले सगळे परत लिहून घेण्यात आले. कोणी लिहिले म्हणून विचारू नका. आम्हीच लिहिले. श्वास वीस, श्वास अठरा.

सिस्टरना बोलावलं तो दिवस आमच्या हॉल तिकीट वाटपाचा होता. ऑफिसच्या खिडकीशी आमची रांग आणि खिडकीच्या आत टेबलापाशी त्या. मी रांगेत सगळ्यांत पुढं होते, माझं हॉल तिकीट नुकतंच हातात आलं होतं. क्लार्कनं त्यांच्यापुढं टाईप केलेला कागद सरकवला. प्रकृती अस्वास्थ्यामुळे स्वेच्छेने राजीनामा.

सिस्टरनी कागद वाचला. साडीचा पदर सावरून ब्लाउजची डावी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"घ्या बीपी."

"सिस्टर, ही नुसती फॉर्मॅलिटी असते."

"प्रकृती खराब हाय म्हणून लिवलंय न तुमी? कोणी बघितली? घ्या."

क्लार्कनं खिडकीबाहेर आमच्याकडं पाहिलं. चाळीस जणी, चार वर्षं शिकलेल्या. बीपीचं मशीन त्याच्या मागच्याच कपाटात होतं, मला काचेतून दिसत होतं. सिस्टरनी मान वळवली आणि रांगेवरून नजर फिरवली.

"घेतीस का कोणी?"

माझ्या हातात हॉल तिकीट होतं. अजून त्यावर कॉलेजचा शिक्का मारायचा राहिला होता, आणि शिक्का क्लार्कच्या हाताशी होता.

सिस्टर थोडा वेळ थांबल्या, जेवढा वेळ नाडी बघायला लागतो तेवढा. मग बाही खाली केली, कागद सही न करता परत सरकवला आणि उठल्या. फाटकाबाहेर सिटी बस उभी होती. कंडक्टरनं हात दिला तो त्यांनी घेतला नाही, दांडा धरून चढल्या.

मागची मुलगी मला म्हणाली, "सरक ना. माझं राहिलंय अजून."

मी शिक्का मारून घेतला आणि सरकले.